अर्जदार अविवाहित

खिडकीच्या अर्धगोल भोकातून कोपरापर्यंत आत आलेला हात तिने हलकेच बाहेर ढकलला.

"हात बाहेर ठेवा आजोबा. गाडी माझ्या टेबलावर उभी नाहीये."

"मग कुठंय? मघाशी तुम्हीच म्हणालात, आहे."

"आहे म्हणजे रोज आहे. दोन दहाला. आता अडीच वाजले."

"म्हणजे गेली."

"गेली."

"मग आहे कशाला म्हणता?" म्हाताऱ्याने मागे वळून रांगेकडे दाद मागितली. "बघा हो! आहे म्हणायचं आणि गेलेली गाडी द्यायची!"

रांग हसली, तीही हसली. पुढची गाडी चार वीसला, सात नंबरच्या फलाटावर, पाटी लावलेली नसेल, ड्रायव्हरला विचारून चढा, असं तिने त्याला दोनदा सांगितलं. दोनदा सांगायचं हे वडिलांनी शिकवलेलं. ते म्हणत, पहिल्यांदा माणूस स्वतःची भीती ऐकतो, वेळ ऐकतो ती दुसऱ्यांदा.

चौकशीची ती खोली पाच फूट लांब आणि चार फूट रुंद. खुर्ची मागे सरकवली की पाठ भिंतीला लागायची, पुढे ओढली की गुडघे टेबलाला. समोर गज, गजांमागे काच, काचेला खाली अर्धा चंद्र कापलेला. दार मागच्या बाजूला, पार्सलच्या खोलीत उघडणारं. पार्सलं जास्त आली की हमाल ती दारालाच लावून ठेवीत, आणि ती हलेपर्यंत आतलं माणूस आतच.

"बाई, अर्धा तास कोंडतो हं तुम्हाला," हमाल सांगायचे.

"कोंडा. मी कुठं जातेय!"

या विनोदाला तेहतीस वर्षं झाली होती आणि तो अजून कुणाला शिळा वाटत नव्हता.

तेवढ्या वर्षांत काचेपलीकडच्या लोकांची हाक मात्र बदलत गेली. ती इथे बसायला लागली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. लोक म्हणत, "ए पोरी, मोठं कुणी नाही का आत?" मग ती ताई झाली, मग बाई, मग मावशी. मागच्याच महिन्यात एका कॉलेजच्या मुलीने "आजी, गाडी लागली का?" असं विचारलं, तेव्हा तिने आधी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. स्थानकातली माणसं तेवढी पहिल्यापासून तिला चौकशीबाई म्हणत आली.

स्थानक शहराच्या ऐन पोटात होतं. त्याच्या आधी त्या जागी घोडागाड्यांचा तळ होता आणि पाया खणताना पोतंभर नाल सापडले होते म्हणे. पहिल्या दिवशी पहिल्या गाडीला शिट्टी दिली ती तिच्या वडिलांनी. ते वाहतूक नियंत्रक होते. तेव्हा फलाट पाच होते, पुढे वाढत वाढत अकरा झाले. मधोमध खांबावर चार तोंडांचं घड्याळ होतं. त्याची चारही तोंडं वेगवेगळी वेळ सांगत. वडील म्हणत, "चारांतलं एक तरी खरं असेलच." लहानपणी ती त्यांचा डबा घेऊन यायची तेव्हा बायकांच्या विश्रांतीच्या खोलीतल्या आरशात तोंड बघायची, मोठ्या टाकीचं गार पाणी प्यायची आणि हरवलेल्या वस्तूंच्या कपाटापाशी जाऊन उभी राहायची. छत्र्या, एकेकटे जोडे, एक बाजाची पेटी. एकदा तर दातांची अख्खी कवळी आली होती आणि तिच्या मालकाने ती ओळख पटवण्यासाठी तिथेच तोंडात घालून दाखवली होती. तेव्हा तिला वाटायचं, जगात याहून मोठी जागा नाही. इथून कुठेही जाता येतं.

वडील गेले तेही इथेच. तीन नंबरच्या फलाटावर गाडी मागे घेताना, "येऊ दे, येऊ दे" म्हणता म्हणता छातीला हात लावून खाली बसले. ड्रायव्हर पुढचं "बस" ऐकायला थांबला होता.

त्यांच्या जागी घरातल्या एकाला नोकरी मिळणार होती. घरात माणसं तीन. आईला अक्षराची ओळख नाही, भाऊ बारा वर्षांचा. राहिली ती. त्याच दिवसांत तिचे डोळे आले होते, त्यात रडणं. महिनाभर डोळ्यांपुढे सगळं धुकं. शपथपत्राचा कागद घरी आला तो भावाने वाचून दाखवला, शाळेत धडा वाचावा तसा, एका सुरात: "अर्जदार अविवाहित राहील. अर्जदार आई व भाऊ यांचा सांभाळ करील." आई भिंतीला टेकून ऐकत होती. तिने विचारलं, "राहशील ना गं?" ती म्हणाली, "राहीन." दुसऱ्या दिवशी कचेरीत एकाने कागदावर बोट ठेवलं आणि त्या बोटाखाली तिने सही केली. कागद फाईलमध्ये गेला, ती या खोलीत आली.

चोविसाव्या वर्षी कार्यशाळेतल्या टायरवाल्याने तिला विचारलं होतं. काळा, बुटका, हसला की गालाला खळी पडणारा माणूस. रोज तीन वाजता तो उगाचच खिडकीशी यायचा आणि ज्या गाडीचे टायर स्वतः बसवलेले असत तिचीच वेळ विचारायचा. तिने त्याला सांगितलं, "माझ्या कागदात तसं नाही." तो म्हणाला, "कुठल्या कागदात?" ती म्हणाली, "आहे एक." दोन वर्षं तो थांबला, मग बदली मागून गेला. पुढे एकदा बायको आणि दोन मुलींना घेऊन तो खिडकीशी आला, गाडीची वेळ विचारली. तिने सांगितली, दोनदा.

शेजारच्या खिडकीत पास देणारी बाई तिची मैत्रीण. जिभेला हाड नसलेली, पण मनाने निर्मळ. ती अधूनमधून म्हणायची, "असला कसला गं नियम? मी नाही केलं लग्न नोकरीत असताना?"

"तुझं वेगळं. मी वडिलांच्या जागी लागलेय."

"अगं, पण एकदा विचार तरी! सगळ्या दुनियेची चौकशी करतेस, आपली तेवढी नाही. दिव्याखाली अंधार तो हाच."

ती विचारायची नाही. आईचं एक वाक्य होतं: झोपलेली फाईल उठवू नये. विचारलं की फाईल उघडते, उघडली की कुणाला तरी वाचावीशी वाटते, आणि वाचली की काहीतरी निघतंच. त्या नोकरीवर घर उभं होतं. भाऊ त्यावर शिकला, त्याचं लग्न झालं, त्याला दोन मुलगे झाले. ती सकाळी बारा मिनिटं चालत स्थानकात यायची, संध्याकाळी बारा मिनिटं चालत घरी जायची आणि आईच्या खाटेशेजारी अंथरूण घालायची. कर्मचाऱ्यांना दरवर्षी मिळणारा मोफत प्रवासाचा पास ती नेमाने घेत होती. वापरला एकदाही नव्हता. अडीचशे गावांच्या वेळा तोंडपाठ होत्या, पाहिलेली गावं हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी, तीही वडील असतानाची.

आणि आता स्थानकच उठत होतं. शहराच्या पोटात एवढ्या गाड्या मावत नाहीत म्हणून बाहेरच्या रस्त्यावर, अठरा किलोमीटरवर नवं स्थानक बांधलं होतं. दहा दिवसांनी इथली शेवटची गाडी सुटणार होती. कर्मचाऱ्यांना एकेक फॉर्म मिळाला होता. त्यात दोन चौकोन. 'अ' म्हणजे नव्या स्थानकात बदली मान्य, दूर पडत असेल तर तिथल्याच कर्मचारी निवासात खोली. 'ब' म्हणजे मुदतीआधी सेवानिवृत्ती. तिची सहा वर्षं शिल्लक होती. फॉर्म द्यायचा शेवटचा दिवस आजचा, पाच वाजेपर्यंत.

घरी यावर चर्चा अशी झालीच नाही. चार महिन्यांपूर्वी आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ती खाटेवर होती. ठेवलेली बाई आठव्या दिवशी निघून गेली. आईला लेकीशिवाय कुणाच्या हातचं चालत नव्हतं, पाणीसुद्धा. भावजय नोकरीवर जायची, भावाचा नकाशे काढायचा व्यवसाय. "देवानेच सोय केली बघ," आई खाटेवरून म्हणाली. "स्थानक उठतंय, आता तू घरीच." आज सकाळी भावाने डबा बाजूला सारून फॉर्म टेबलावर ठेवला आणि सुवाच्य अक्षरात सगळे रकाने भरले. 'ब'च्या चौकोनात बरोबरची खूण केली. सहीची जागा तेवढी मोकळी होती. सोबत जुन्या शपथपत्राची नक्कल जोडायची होती, म्हणून सही कचेरीतच करायची ठरली.

दुपारी तो स्वतः आला होता. काम वेळेत व्हावं आणि तिला गाडीवरून घरी न्यावं, दोन्हीसाठी. समोरच्या बाकावर बसून तो दर दहा मिनिटांनी खिडकीशी येत होता.

"ताई, साडेतीन झाले गं."

"मला सांगतोस होय रे वेळ?"

"तसं नाही. कारकून कुठं गेला तर?"

"तो कुठं जातोय? त्याला फाईली सोडत नाहीत. बस तू. चहा घे, उपाहारगृहही दहा दिवसांचाच सोबती आहे."

तो परत बाकावर जाऊन बसला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, पण बाकावर बसला की पाय आत घेऊन बसायचा, लहानपणी डब्याच्या वेळी तिच्याबरोबर इथे यायचा तसाच. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला त्याची दया आली. चार महिन्यांत त्याचे केस कानांवर पांढरे झाले होते.

चारच्या सुमाराला मागच्या दाराशी खडखड झाली. आस्थापना शाखेचा कारकून सामानाची हातगाडी ढकलत आला होता. जाड भिंगांच्या चष्म्यामुळे त्याला सगळे ढापण्या म्हणत, आणि तो स्वतःही फोनवर "मी ढापण्या बोलतोय" असंच सांगे. हातगाडीवर फाईलींचा ढीग होता.

"चौकशीबाई, घ्या तुमचं चरित्र," त्याने एक फाईल टेबलावर आपटली. धूळ उडाली. "कोपरा उंदरांनी खाल्लाय. मजकूर शाबूत आहे. उंदरांनासुद्धा तुमच्या फाईलीत काही चमचमीत मिळालेलं दिसत नाही. शपथपत्र काढून नजरेखालून घाला, मागे 'वाचले' म्हणून सही करा. नक्कल मी काढतो. आणि फॉर्म पाचच्या आत द्या. सव्वापाचला एक गाडी सोडतायत नव्या स्थानकाला, ज्यांना खोल्या बघायच्यात त्यांच्यासाठी. मला तिच्यातून जायचंय."

"माझं काही खोल्या बघायचं काम नाही."

"बरं आहे बुवा तुमचं."

तो पलीकडच्या खिडकीकडे गेला. तिने चष्मा पुसला. शपथपत्र सापडायला वेळ लागला नाही, ते अगदी तळाशी होतं. पिवळं पडलेलं, दोन ठिकाणी घडीवर फाटलेलं. खाली तिची सही होती. अक्षरं ओळीवरून घसरलेली, धुक्यातून केलेली. शेजारी आईचा अंगठा. तिने आधी तो अंगठाच पाहिला. मग 'वाचले' लिहायचं तर वाचावं म्हणून वाचायला लागली.

*अर्जदार ही मयत कर्मचाऱ्याची सज्ञान मुलगी असून अर्जदार अविवाहित आहे. मयताच्या पश्चात आई व अज्ञान भाऊ यांचा सांभाळ अर्जदार करील.*

तिने ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचलं. मग कागद उलटून मागे पाहिलं. मागे कोरा होता. तिने फाईलमधले बाकीचे कागद एकेक करून उलटले: नेमणुकीचा आदेश, वडिलांचा मृत्यूचा दाखला, तिचा शाळेचा दाखला, वैद्यकीय तपासणी, वर्षावर्षाचे रजेचे अर्ज. ते थोडेच होते.

"मॅडम, डोंगरापलीकडची गाडी किती वाजता?" काचेशी कुणीतरी विचारलं.

"चार चाळीस. नऊ नंबर," ती म्हणाली.

तो माणूस गेला आणि तिला उमगलं, की ती गाडी चार पंचवीसची, दोन नंबरची. तिने काचेला तोंड लावून हाका मारल्या, ऐकू गेल्या नाहीत. ती उठली. दाराला पार्सलं लावलेली नव्हती. धावत जाऊन तिने त्या माणसाला नऊ नंबरवरून दंडाला धरून दोन नंबरवर आणलं. तो तिच्या तोंडाकडे बघतच राहिला. बाकावरून भाऊही उठून उभा राहिला होता. तिने त्याला हातानेच बस म्हणून खुणावलं.

परत येताना ती ढापण्यापाशी थांबली.

"यानंतर आणखी एखादा कागद होता का रे? मी लग्नाशिवाय राहीन, असं लिहिलेला?"

"कसला?"

"वडिलांच्या जागी लागले ना मी. तसली अट."

ढापण्या मनापासून हसला. "बाई, लग्न न करण्याची शपथ खातं लिहून घेत असतं, तर आम्ही पुरुषांनी रांग लावून सह्या केल्या असत्या! अहो, अर्ज देते त्या दिवशी मुलगी अविवाहित पाहिजे, एवढाच तेव्हाचा नियम. पुढे तिने काहीही करावं. पलीकडच्या आगारात दोघी आहेत अशा लागलेल्या. एकीच्या मुलीचं लग्न झालं परवा, जेवून आलो." मग तिच्याकडे बघून त्याचं हसू ओसरलं. "का हो? काय झालं?"

"काही नाही. नक्कल कर."

पासवाली मैत्रीण आपल्या खिडकीतून मान वळवून ऐकत होती. एरवी ती गप्प बसणाऱ्यातली नव्हती. आज तिने रांगेतल्या माणसाचा पास हातात धरला आणि शिक्का मारायचं विसरून तशीच बसून राहिली.

ती चौकशीच्या खोलीत येऊन बसली. खुर्ची पुढे ओढली, गुडघे टेबलाला लागले, तशी मागे घेतली, तर पाठ भिंतीला लागली. तिला श्वास पुरेना. तिने टेबलावरचं वेळापत्रक उचललं आणि वारा घ्यायला लागली. मग तेही खाली ठेवलं. तेहतीस वर्षं या खोलीला कुलूप असं नव्हतंच. दार नुसतं लोटलेलं होतं आणि तिने ते एकदाही ढकलून पाहिलं नव्हतं. ते लोटलं कुणी, एवढंच आता बघायचं होतं.

साडेचारला भाऊ पुन्हा खिडकीशी आला.

"झाली का गं सही?"

तिने शपथपत्र अर्ध्या चंद्रातून बाहेर सरकवलं.

"हे वाच."

त्याने चष्मा लावला. कागद पाहिला आणि चष्मा तसाच नाकावर ठेवून तो नुसता उभा राहिला.

"मनात नको. मोठ्यानं वाच, बाळ्या."

"ताई, मागे लोक उभे आहेत."

"असू देत. थांबायची सवय असते त्यांना."

त्याने घसा साफ केला. "अर्जदार ही मयत कर्मचाऱ्याची सज्ञान मुलगी असून अर्जदार अविवाहित..."

"पुढे?"

मागच्या बाईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"पुढे काय शब्द आहे?"

"आहे," तो म्हणाला.

"तू मला काय वाचून दाखवलं होतंस?"

तो काचेच्या अगदी जवळ आला. त्याच्या श्वासाने काच धूसर झाली आणि त्याचं तोंड तिला नीट दिसेना.

"मी बरोबर वाचलं होतं गं. आधी आईला वाचून दाखवलं, तू आत निजली होतीस. आईने मला ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, ताईला वाचून दाखवशील तेव्हा 'आहे' म्हणू नकोस, 'राहील' म्हण. मी म्हटलं, आई, तसं लिहिलेलं नाही. तर म्हणाली, लिहिलेलं नसलं तरी तसंच आहे." तो थांबला. "ती घाबरली होती, ताई. तू लग्न करून गेलीस तर आम्ही दोघं कुठं जाणार होतो? मी बारा वर्षांचा होतो."

"मग तेरा वर्षांचा झालास ना?"

त्याने काचेवरचं धुकं बाहीने पुसलं.

"वीस वर्षांचा झालास. तुझं लग्न ठरलं तेव्हा सव्वीस वर्षांचा होतास. मुलगी मीच बघून आले होते."

"खूपदा वाटलं, सांगावं. तो टायरवाला गेला तेव्हा तर... पण मग आणखी उशीर झाला. जितका उशीर होत गेला तितकं सांगणं अवघड होत गेलं." त्याने कागद दोन्ही हातांनी धरून आत सरकवला. "आईला काही बोलू नकोस. आता तिला सहन नाही व्हायचं."

"नाही बोलणार," ती म्हणाली.

त्याला वाटलं, मिटलं. त्याने डोळे पुसले, खिशातून पेन काढलं आणि आत दिलं. "पाऊण तास... नाही, वीसच मिनिटं राहिलीत. सही करून टाक. घरी जाऊन बोलू."

तिने पेन घेतलं. मागच्या बाईला तिची वेळ दोनदा सांगितली. त्यामागे एक जोडपं होतं, त्यांनाही सांगितली. मग खिडकीची फळी खाली पाडली, फॉर्म आणि शपथपत्र घेतलं आणि ढापण्यापाशी गेली.

"दुसरा कोरा फॉर्म आहे का?"

"दुसरा कुठला? मोजून आलेत. खोडायचं असेल तर खोडा, पण खोडलं तिथं सही लागते. आणि खाली नेहमीची. म्हणजे दोन."

तिने त्याच्या टेबलाशी उभं राहूनच 'ब'च्या खुणेवरून एक सरळ रेघ मारली. घाई नव्हती. शेजारी सही केली. मग 'अ'च्या चौकोनात खूण केली. कर्मचारी निवासाच्या रकान्यात भावाने 'नको' लिहिलं होतं. तेही खोडून तिने 'हवे' लिहिलं आणि दुसरी सही केली. खालची तिसरी. ढापण्याने चष्मा कपाळावर चढवून फॉर्म डोळ्यांजवळ नेला, मग तिच्याकडे पाहिलं.

"बाई, खोल्या लहान आहेत हं. एकच खिडकी."

"पूर्ण उघडते का?"

"उघडत असेल की."

"मग झालं."

सव्वापाचची गाडी एक नंबरला लागली होती. जुनीच, पण धुतलेली. झाडणारी, दोन वाहक, रखवालदार, उपाहारगृहाचा आचारी आणि त्याची बायको, सगळे सहलीला निघाल्यासारखे चढत होते. आचाऱ्याची बायको विचारत होती, तिथं पाणी चोवीस तास येतं का. पासवाली मैत्रीण आधीच चढून बसली होती. तिने शेजारच्या सीटवर आपली पिशवी टाकली आणि खिडकीतून ओरडली, "ही जागा धरलीय! कुणी बसायचं नाही!"

भाऊ धावत फलाटावर आला. त्याच्या हातात तिचा डबा होता. ती खोलीतच विसरली होती आणि हमालाने तो त्याच्याकडे दिला होता.

"ताई, अगं कुठं निघालीस? आई वाट बघत असेल. तिला साडेपाचला उठवून बसवायचं असतं."

"डाव्या कुशीवरून उठव. मानेखाली हात घाल, पाठीला धरू नकोस, ओरडते ती. पाणी कोमट दे. पहिल्यांदा नाही म्हणेल. थोडं थांबून पुन्हा दे, घेईल."

"आणि तू कुठं आहेस म्हणून विचारलं तर? काय सांगू तिला?"

"फॉर्मची नक्कल ढापण्याच्या टेबलावर आहे. ती घे आणि वाचून दाखव. जे लिहिलंय तेच."

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. पत्रा थरथरला. भावाने डबा पुढे केला, तिने घेतला. क्षणभर दोघांचेही हात त्या डब्यावर होते. त्याचे ओठ हलले, पण इंजिनाच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. तिने पायरीवर पाय ठेवला. पायरी उंच होती. तिने दांडा धरला.

"जाते मी."

"असं नाही म्हणू, ताई," तो सवयीने म्हणाला. "येते म्हण."

ती वळली. पायरीवर उभी असल्याने आज तिला त्याच्याकडे वरून बघावं लागत होतं. तो मान वर करून वाट बघत होता. वाहकाने घंटीच्या दोरीला हात घातला आणि तिच्याकडे बघून थांबला, तिचं बोलणं पुरं व्हावं म्हणून.

"वाजवा," ती वाहकाला म्हणाली. "माझं सांगून झालंय."